सतरा नंबरची ओळ

बेडमिन्स्टरला, सायकलच्या दुकानावरच्या माडीवर
आमची लॅब: दोन टेबलं, एक किटली,
खिडकीतून समोर टॉटरडाउन,
उतारावर रंगीत घरं,
फळीवर मांडलेल्या लोणच्याच्या बरण्यांसारखी.

एमरिसला तो काळ आठवतो
जेव्हा नंबर चिमट्यानं बसवत.
कार्डावर दोन पिना, त्यांवर इवलीशी टोपी.
पाचवर आवाज, सातवर प्रिंटर,
आणि दोघांनी पाचच धरला
तर मशीन गप्प. ना भांडण, ना खुलासा.
"सगळे मिळून सोळा," तो म्हणतो,
"निम्मे आधीच गेलेले."
रुमाल टाकून ठेवलेल्या एसटीच्या सीटा.
हे शेवटचं माझं. त्याला सांगत बसले नाही.

आता नंबर मागावा लागतो.
ड्रायव्हर कर्नलपुढे उभा राहतो:
सतरा द्या, हाक आली की मला उठवा.
मिळाला तर शून्य.
नाहीतर उणे सोळा, म्हणजे जागा भरलीय.
वाटून घ्यायचा असेल तर दोघांनीही
आधीच लिहून द्यायचं, चालेल म्हणून.

चिपळूणला आमच्याकडे फोन नव्हता.
ताईच्या लग्नपत्रिकेवर खांबेट्यांचा नंबर
आणि पुढे बारीक अक्षरात पी.पी.
घंटी वाजली की खांबेटेकाकू उचलायच्या,
जिन्यात येऊन ओरडायच्या, "तुमचा!"
किंवा, "आमचा नाही, तुमचा नाही,
सोमणांकडे बघा जरा."
एका नंबरावर चार घरं.
प्रत्येकानं खरं सांगायचं,
माझा, की माझा नाही.
बाकी काही लागत नसे.

मंगळवारी पहाटे लॉरेल हाऊसमधलं यंत्र थिजलं.
चढावरचं ते वृद्धांचं घर.
तिथे सतरावर दोघं राहतात:
नर्सच्या टेबलावरचा टचस्क्रीन
आणि खाटांच्या घंटा.
लॉगमध्ये इंग्रजीत एक ओळ,
मी ती मनातल्या मनात मराठीत वाचली:
सतरा. कुणी वाली नाही.

घंटांचा ड्रायव्हर मी लिहिलेला.
हाक आली. त्यानं चिपला विचारलं, तू मारलीस का?
रात्री वीज वाचवायला निजवलेली चिप
अजून डोळे चोळत होती.
उत्तर शून्य. तो म्हणाला, माझी नाही.
स्क्रीन म्हणाला, माझी नाही.
तो खरं बोलला.
हाक तशीच, हात वर करून उभी.
पुन्हा विचारणा. पुन्हा नाही, आणि नाही.
कर्नल मोजत असतो, आपल्यासारखाच लाखात.
लाखातल्या जवळजवळ सगळ्या बेवारस निघाल्या
की तो ती ओळच बंद करतो.
रागानं नाही,
बाकीच्यांना काम करता यावं म्हणून.
हे सगळं दोन-चार सेकंदांत.
स्क्रीनवर शेवटचं चित्र तेवढं राहिलं:
सगळ्या खाटा हिरव्या.

दुपारी आम्ही चढ चढून गेलो.
खाट नऊ, मिसेस पास्को.
रात्री अकरा वेळा बटण दाबलं म्हणाल्या,
मोजायची सवय आहे, पोस्टात होते.
काय हवं होतं?
"पडदा. चंद्र थेट डोळ्यांवर येत होता."
मग?
"मग काय. सरकला तो."

दुरुस्ती चार ओळींची.
आधी चिपला जागं कर, मगच ओळ उघड.
शिवाय नव्या बोर्डावर घंटांना वेगळा नंबर,
तेवीस, एकटीचा.
एमरिसनं किटली लावली.
"चैन आहे," म्हणाला,
"आमच्या वेळी एकटीचं काही नसायचं."

बदलाची नोंद लिहायची होती.
कारणाच्या रकान्यात मी आधी लिहिलं, चंद्र.
मग खोडलं
आणि रीतसर जे लिहायचं ते लिहिलं.